बर्लिनच्या वरल्या अंगाला

ऊन पडलेल्या रविवारी बर्लिनचा माणूस घरात बसत नाही. तळ्यावर जाईल, जंगलात जाईल, अगदीच काही नाही तर बाल्कनीत खुर्ची टाकून उघड्या पाठीनं बसेल. 'विसावा' या विषयावर लिहा, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा मी बर्लिनला भाचीकडे मुक्कामाला होते. तिला विचारलं, तुम्ही लोक दमलात की जाता कुठं? ती म्हणाली, "मावशी, श्प्रेवाल्डला जाऊ. तिथं काही म्हणजे काही करायचं नसतं. नावेत बसायचं, काकडी खायची, परत यायचं."

काही करायचं नसतं हे नावेत बसणाऱ्याच्या बाजूनं खरं. नाव ढकलणाऱ्याच्या, कुरणं कापणाऱ्याच्या, पाण्याची पातळी राखणाऱ्याच्या बाजूनं ते कितपत खरं आहे, हे मला बघायचं होतं.

नदीच्या उलट्या दिशेनं

गाडी दुमजली. वरच्या मजल्यावर जागा मिळावी म्हणून फलाटावर जी लगबग चालते, ती पाहून जर्मन शिस्तीबद्दलचे निम्मे समज गळून पडतात. मे २०२३ मध्ये जर्मनीनं सगळ्या देशभरातल्या साध्या गाड्या, बस, ट्राम यांसाठी एकच मासिक पास सुरू केला. सुरुवातीला ४९ युरोंना होता, २०२५ मध्ये तो ५८ झाला. हा पास ज्याच्या खिशात आहे त्याला तासाभरावरच्या ल्युब्बेनाऊला, म्हणजे श्प्रेवाल्डच्या दाराशी, जाऊन यायला वेगळं तिकीट लागत नाही. साहजिकच रविवारी सायकली, बाबागाड्या, कुत्री आणि आजीआजोबा असा सगळा सरंजाम दक्षिणेकडे निघतो.

खिडकीबाहेर फार काही बघण्यासारखं नाही. ब्रांडेनबुर्ग प्रांताची जमीन वाळूची, त्यावर सरळसोट पाइनची झाडं, मध्येच एखादं तळं. जुन्या काळी या प्रांताला 'पवित्र रोमन साम्राज्याची रेतीची पेटी' म्हणून हिणवायचे. पण या कोरड्या दिसणाऱ्या मुलखाच्या पोटात पाणी फार. आपण जिकडे चाललोय तिकडूनच ते बर्लिनला येतं. श्प्रे नदी चेक सीमेजवळच्या टेकड्यांत उगम पावते, जवळपास चारशे किलोमीटर वाहते आणि बर्लिनच्या पश्चिम टोकाला, श्पांडाऊला हाफेल नदीला मिळते. संसदेच्या इमारतीला लागून, संग्रहालयांच्या बेटाला दोन्ही बाजूंनी कवेत घेऊन जाते ती हीच. बर्लिनमध्ये तिचे काठ दगडानं बांधून काढलेत, तिच्यावरून भोंगे वाजवत पर्यटकांच्या बोटी फिरतात. त्याच पाण्याला शहरात शिरण्याआधी भेटायचं, तर गाडीनं नदीच्या उलट्या दिशेनं जायचं.

टेओडोर फोन्टाने हा जर्मन लेखक १८५९ च्या उन्हाळ्यात श्प्रेवाल्डला आला तेव्हा रेल्वे नव्हती. रात्रभर टपालाच्या घोडागाडीत आदळत तो पोहोचला. परत जाऊन त्यानं जे लिहिलं ते पुढं त्याच्या ब्रांडेनबुर्गच्या भटकंतीवरच्या ग्रंथात गेलं आणि बर्लिनकरांना आपल्या शेजारी काय आहे याचा पत्ता लागला. १८६६ मध्ये पलीकडच्या कॉटबुस शहरापर्यंत रेल्वे आली. १८८२ मध्ये ल्युब्बेनाऊच्या पाउल फालिश या शाळामास्तरांनी पाहुण्यांसाठी नावेच्या सहली आखायला सुरुवात केली. लेखक, रेल्वे आणि मास्तर: पर्यटनस्थळ उभं राहायला याहून जास्त काही लागलं नाही.

सैतानाचे बैल

सैतान बैल जुंपून श्प्रेचं पात्र नांगरत होता. बैल दमले, हट्टाला पेटले. सैतानानं संतापून त्यांना हाणलं, तसे ते नांगरासकट उधळले आणि वाटेल तसे पळत सुटले. फाळानं जे वेडेवाकडे तास पडले ते श्प्रेवाल्डचे पाट. ही इथली जुनी कथा. नावाडी ती दिवसातून तीनतीनदा सांगत असणार, तरी सांगताना हसतो.

भूगोलाचं म्हणणं फार वेगळं नाही. हिमयुगाच्या शेवटी वितळलेल्या बर्फाचं पाणी एका रुंद, उथळ खोऱ्यातून वाहत गेलं. त्या खोऱ्यात कॉटबुसच्या खाली श्प्रे शिरते तेव्हा उतार जवळजवळ संपतो. नदीला कुठं जावं कळेनासं होतं आणि ती शेकडो फाटे फोडते. माणसांनी त्यात भर घातली. शेताला पाणी द्यायला एक पाट, शेतातलं पाणी काढायला दुसरा, गवत घरी आणायला तिसरा. आज नैसर्गिक कोणता आणि खणलेला कोणता हे पाण्यातून जाताना ओळखू येत नाही. सगळे मिळून दीड हजार किलोमीटरच्या वर भरतात. ४७५ चौरस किलोमीटरच्या या प्रदेशाला १९९१ मध्ये युनेस्कोनं जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला.

घरं मात्र कशीही कुठंही नाहीत. दलदलीतून वर आलेले वाळूचे उंचवटे आहेत, तेवढ्यांवरच ती उभी आहेत. एक उंचवटा, एक घर, एक गोठा, चारदोन फळझाडं, आणि अंगणातून थेट पाण्यात उतरणारा छोटा धक्का. प्रत्येक धक्क्याला नाव बांधलेली.

काठी

ल्युब्बेनाऊचा नावांचा तळ स्टेशनपासून चालत पंधराएक मिनिटांवर. लोणच्याच्या दुकानांची रांग पार करून तिथं पोहोचावं लागतं, आणि ही रचना योगायोगाची नसावी. नाव लांबलचक, सपाट बुडाची, कडांना किंचित वर आलेली. पूर्वी लाकडाची असे, डांबर लावून वर्षानुवर्षं जपलेली. आता बहुतेक ॲल्युमिनियमच्या आहेत. आत आडवे बाक, मध्ये टेबल, टेबलावर चौकड्यांचं कापड. पंचवीसतीस माणसं बसतात. इंजिन नाही.

नावाडी मागच्या टोकाला उभा राहतो. त्याच्या हातात चारएक मीटर लांबीची ॲशच्या लाकडाची काठी, खालचं टोक वल्ह्यासारखं चपटं केलेलं. मी मुद्दाम सगळ्यात मागच्या बाकावर, त्याच्या पायांशी बसले. काठी तो नावेच्या अगदी कडेला घासून सोडतो, जवळजवळ उभी. तळाला टेकली की हातानं जोर लावत नाही, अंग पुढं टाकतो. नाव पायाखालून सरकते आणि काठी मागं कलंडत जाते. मग मनगटाला एक हलका पीळ देऊन ती चिखलातून सोडवायची. ही पीळ देण्याची युक्ती जमली नाही तर काठी चिखलात राहते आणि माणूस पाण्यात जातो, असं त्यानं भाचीला सांगितलं. वळणावर तीच काठी मागं धरून सुकाणूसारखी वापरायची. पाणी खोल लागलं तर वल्हं. सगळ्या प्रवासात तिचा आवाज म्हणजे बाहेर काढताना गळणारे थेंब, बस.

नावाडी साठीच्या पुढचा. आधी कारखान्यात होता, नंतर परवाना काढला. बाप, आजा दोघंही काठी मारत. पण त्यांच्या नावेत पाहुणे कमी, गवत आणि गायी जास्त. पाहुण्यांची तक्रार नाही, ते आपल्या पायांनी उतरतात, असं तो म्हणाला.

पाटाच्या दोन्ही बाजूंना आल्डरची झाडं, मुळं पाण्यात. निळ्याकाळ्या पंखांचे चतुर नावेच्या काठावर येऊन बसतात. मध्येच झाडं संपतात आणि कुरण उघडतं. त्यात गवताच्या गंज्या: मधोमध एक उंच खांब, तळाला ओल लागू नये म्हणून लाकडाची मांडणी आणि भोवती रचत नेलेलं गवत. फोटोला फार छान दिसतात. यंत्रानं गवत बांधायच्या जमान्यात अशी गंजी कोणी पोटासाठी रचत नाही. बऱ्याचशा पाहुण्यांच्या डोळ्यांसाठीच रचल्या जातात. खरी अडचण कुरणांची आहे. तुकडे लहान, जमीन ओली, कित्येक ठिकाणी नावेशिवाय पोहोचता येत नाही. गुरं कमी झाली, तसं गवत कापणं परवडेनासं झालं. आणि न कापलेलं कुरण चारदोन वर्षांत झुडपांनी भरतं. मग ना फुलं, ना करकोच्यांना चरायला जागा, ना पाहुण्यांना हवा असलेला तो मोकळा देखावा. म्हणून आता सरकारी अनुदान आणि देणग्यांतून पैसे देऊन कुरणं कापून घेतली जातात. नावेत बसून आपण ज्याला निसर्ग म्हणतो, त्यातल्या बऱ्याच भागाला कापणीची मजुरी लागते.

थोडं पुढं लॉक-गेट आलं. पाण्याच्या दोन पातळ्या, मध्ये नाव मावेल एवढी लाकडी फळ्यांची पेटी, दोन्ही टोकांना दारं. आधी दारातली लहान झडप दांड्यानं उचलायची. पाणी हळूहळू आत येतं, पातळ्या सारख्या होतात, तोवर दार कितीही ढकला, हलत नाही. सारख्या झाल्या की दहाबारा वर्षांचं पोरसुद्धा ते उघडतं, आणि इथं खरंच तसंच एक पोर उभं होतं. सुट्टीच्या दिवशी गावातली मुलं लॉक-गेटवर थांबतात, दारं उघडतात आणि नावेतून नाणी गोळा करतात. ही इथली जुनी रीत. मुलानं नाणी डब्यात टाकली, पुढच्या नावेकडे बघितलं, आमच्याकडे पाठ फिरवली. धंदा चोख.

या दारांवरच सगळं चालतं. श्प्रेवाल्डमध्ये पाणी आपोआप एका उंचीवर राहत नाही. बंधारे, झडपा आणि दारं कधी किती उघडायची हे ठरवून ते ठेवलं जातं. पूर आला तर बाजूच्या कालव्यांनी बाहेरून वळवायचं, उन्हाळ्यात अडवून धरायचं. पाणी उतरलं असलं की दोनतीन नावा जमेपर्यंत आम्ही लॉकपाशी थांबतो, असं नावाडी म्हणाला. दर वेळी दार उघडलं की पेटीभर पाणी खाली जातं.

टपाल, कचरा, आग

लेडे हे गाव ल्युब्बेनाऊपासून अगदी जवळ, पण १९२९ पर्यंत तिथं जायला रस्ता नव्हता. नवरी नावेतून यायची, प्रेत नावेतून जायचं. हिवाळ्यात पाट गोठले की पोरं स्केट घालून शाळेत जायची. आजही काही घरांच्या दारात पाणीच आहे, म्हणून टपाल नावेनं येतं. १८९७ पासून ही पद्धत आहे. एप्रिल ते ऑक्टोबर पिवळी टपालनाव साठपासष्ट घरांची फेरी करते, सगळी मिळून आठेक किलोमीटर, काठीनंच. पेट्या पाण्याच्या कडेला खांबांवर लावलेल्या. पूर्वी पत्रं असत, आता पार्सलं वाढली आहेत. वॉशिंग मशिनसुद्धा नावेतूनच येतं. कचराही नावेतून उचलतात. आणि अग्निशामक दलाकडेही नावा आहेत, हे ऐकून भाची म्हणाली, "पाणी तरी शोधायला नको."

लेडेत १९५७ पासून जुन्या घरांचं उघड्यावरचं संग्रहालय आहे. ओंडक्यांची, बोरूच्या छपरांची घरं प्रदेशातून उचलून आणून इथं मांडलीत. अख्ख्या घराला एकच मोठा बिछाना, बाजूला चूल. आजीपासून तान्ह्यापर्यंत सगळे एकाच ठिकाणी निजत. छपराच्या टोकाला एकमेकांवर तिरपे ओलांडलेले दोन लाकडी साप, डोक्यावर मुकुट. घरातला साप मारायचा नाही, तो राखणदार, अशी इथली समजूत. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

हे साप जर्मन नव्हेत, सोर्बांचे. सोर्ब किंवा वेंड ही स्लाव जमात. जर्मन लोक येण्याच्या आधीपासून इथं राहते. स्टेशनच्या पाटीवर ल्युब्बेनाऊखाली 'लुबन्योव' असं दुसरं नाव दिसतं, ते त्यांच्या भाषेतलं. पोलिश आणि चेक भाषांची ही बहीण. नाझी राजवटीत १९३७ मध्ये त्यांची मुख्य संघटना बंद पाडली, शाळांतून भाषा हद्दपार केली. नंतर पूर्व जर्मनीनं हक्क दिले, पाट्या दिल्या, पण त्याच काळात कोळशाच्या खाणींखाली सोर्बांची कित्येक गावं गेली. त्यांची इथली भाषा, लोअर सोर्बियन, घरात बोलणारे आता मोजके उरलेत, बहुतेक म्हातारे. कॉटबुसच्या शाळांत ती शिकवतात. नावाड्याला विचारलं, तुम्हाला येते का? आजी बोलायची, तो म्हणाला, आईला कळायची, मला नावं घेता येतात. पाटांची नावं.

काकडीचा जोर

जेवण लेडेच्या पाणकाठच्या खानावळीत. मांसाहाराची रेलचेल असलेल्या या देशात शाकाहारी पाहुण्याला इथं पोट भरून मिळतं ते इथल्या गरिबांच्या जेवणामुळे: सालासकट उकडलेले बटाटे, क्वार्क आणि वरून जवसाचं तेल. क्वार्क म्हणजे आपला चक्काच, जरा सैल. त्यात कांदा, थोडं मीठ. तेल थंड घाण्याचं, गडद पिवळं, किंचित कडवट. विदर्भातल्या माणसाला जवसाच्या चटणीची आठवण येईल, मला आली. सोबत काकडी. काकडी न मागता येते.

श्प्रेवाल्डची काकडी म्हणजे बोटभर ते वीतभर लांबीची, खडबडीत सालीची. ती ओल्या, सुपीक मातीत फोफावते. हॉलंडहून आलेल्या विणकरांनी तिचं बी आणलं, असं सांगतात. मिठाच्या पाण्यात आंबवलेली, व्हिनेगरची, मोहरीची, लसणाची, असे प्रकार. पिंपात शेपू, कांदा, हॉर्सरॅडिश, द्राक्षाची किंवा चेरीची पानं. घराघराचं प्रमाण वेगळं आणि कोणी सांगत नाही. १९९९ मध्ये युरोपीय महासंघानं तिला भौगोलिक मानांकन दिलं. बरणीतली निदान ७० टक्के काकडी याच भागातली हवी, असा नियम आहे. २००३ च्या 'गुड बाय, लेनिन!' या चित्रपटात मुलगा आजारी आईसाठी जुनी पूर्व जर्मन बरणी शोधत वणवण करतो. पूर्व जर्मनी गेला, त्याच्या मोटारी, साबण, बिस्किटं गेली. या काकडीचं मात्र मरण टळलं.

ती तोडतात कशी, हे नावेतून दिसत नाही. त्यासाठी शेताकडे जावं लागतं. ट्रॅक्टरला दोन्ही बाजूंना विमानाच्या पंखांसारखे लांब पंख लावलेले; पंखांवर गाद्या; गाद्यांवर पंधरावीस माणसं शेजारी शेजारी पालथी झोपलेली. ट्रॅक्टर मुंगीच्या पावलांनी चालतो आणि ही माणसं खाली लोंबलेल्या हातांनी वेलीतून काकडी तोडून पट्ट्यावर टाकत जातात. याला 'काकडीचं विमान' म्हणतात. बसून, वाकून तोडण्यापेक्षा बरं, पण मानेचं काय होत असेल ते तीच जाणोत. जुलै ते सप्टेंबर हा हंगाम. माणसं पोलंडची, रुमेनियाची, हंगामापुरती येतात. किमान वेतन वाढल्यावर काकडी परवडत नाही, अशी शेतकऱ्यांची कुरकूर आहे. स्वस्त आयात काकडीशी त्यांची गाठ आहे हे खरं; पण पंखावर पालथं पडून वेली चाचपणाऱ्याला त्याहून कमी द्यावं, हे मला काही पटत नाही.

पाणी येतं कुठून

श्प्रेवाल्डच्या माहितीपुस्तिकांत कोळसा सहसा नसतो. पण ल्युब्बेनाऊ हे पर्यटनाइतकंच विजेचं गाव होतं. नावांच्या तळापासून जवळच १९५० च्या दशकाच्या अखेरीस मोठं औष्णिक वीजकेंद्र उभं राहिलं, त्याच्या कामगारांसाठी सिमेंटच्या ठोकळ्यांची वसाहत झाली. १९९६ मध्ये केंद्र बंद पडलं. आमच्या नावाड्याचा कारखाना तोच.

लाउझित्स या इथल्या प्रदेशातला लिग्नाइट कोळसा उघड्या खाणींतून काढतात. खाण कोरडी राहावी म्हणून भोवतालचं भूजल रात्रंदिवस उपसावं लागतं, आणि उपसलेलं पाणी श्प्रेत सोडतात. १९८० च्या दशकाअखेर इथं वर्षाला जवळपास २० कोटी टन कोळसा निघत होता. त्या काळात श्प्रे तिच्या अंगच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी घेऊन वाहत होती. श्प्रेवाल्डचे पाट तुडुंब राहिले, बर्लिनलाही त्याची सवय लागली.

जर्मनीच्या एकीकरणानंतर खाणी धडाधड बंद झाल्या. उपसा थांबला तसं भूजल परत वर आलं आणि हवा लागलेल्या मातीतलं लोह आणि सल्फेट घेऊन नदीनाल्यांत उतरलं. २०१२-१३ च्या सुमाराला श्प्रेवाल्डच्या दक्षिण कडेचे ओढे विटकरी तपकिरी दिसू लागले. हा लोहाचा गाळ माणसाला विषारी नाही. पण तळावर थर देऊन बसतो, किड्यांच्या अळ्या मरतात, मग माशांना खायला उरत नाही. नावा चालवणारे, खानावळवाले रस्त्यावर उतरले: तपकिरी पाण्यात फिरायला बर्लिनहून कोण येणार? वरच्या बाजूला श्प्रेमबेर्गच्या धरणात पुष्कळ लोह खाली बसतं, चुना टाकून ते बसवायला मदत करतात, ओढ्यांवर गाळ काढण्याची व्यवस्था झाली. सल्फेट मात्र बसत नाही. ते विरघळलेलंच खाली जातं, आणि बर्लिनच्या पिण्याच्या पाण्याचा हिशेब ठेवणाऱ्यांना त्याची चिंता असते.

आता दुसरं टोक. २०२० च्या कायद्यानं जर्मनीनं २०३८ पर्यंत कोळसा सोडायचं ठरवलं. हवामानासाठी ते व्हायलाच हवं, त्यात वाद नको. पण खाणी थांबल्या की उपसा थांबणार. जर्मन सरकारच्या पर्यावरण संस्थेनं २०२३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला: कोरड्या उन्हाळ्यात काही ठिकाणी श्प्रेतलं पाणी ७५ टक्क्यांपर्यंत घटू शकतं. त्यातच सोडलेल्या खाणींचे खड्डे भरायलाही पाणी लागतं. कॉटबुसजवळच्या एका खाणीत २०१९ पासून श्प्रेचं पाणी सोडून एकोणीस चौरस किलोमीटरचं तळं केलं. उघडं पाणी म्हणजे बाष्पीभवन, आणि श्प्रेवाल्डची दलदल स्वतःही उन्हाळ्यात भरपूर पाणी पिते. उपाय सुचवलेत: जुन्या खाणींच्या तळ्यांत हिवाळ्याचं पाणी साठवायचं, एल्बसारख्या नद्यांतून वळवून आणायचं. एल्बही उन्हाळ्यात खडकाला टेकते, हे एल्बकाठचे लोक लगेच सांगतात. आणि खर्च कोणी करायचा यावर झाक्सेन, ब्रांडेनबुर्ग आणि बर्लिन या तिन्ही राज्यांची आपापली मतं आहेत.

परतीच्या वाटेवर मी नावाड्याला हे विचारलं. त्याला प्रश्न नवा नव्हता. वीजकेंद्रात होतो तेव्हा आम्ही नदी घाण करतो म्हणायचे, तो म्हणाला, आता आम्ही नसलो तर नदी आटेल म्हणतात. मग त्यानं काठी उचलून मला तिच्यावरची ओली खूण दाखवली, आज पाणी कुठवर आहे ती. २०१८ ते २०२० च्या कोरड्या उन्हाळ्यांत ती कुठं होती, ते अंगठ्यानं दाखवलं. दोन्हींत हातभर अंतर होतं.

मराठी वाचकांपैकी कोणाची मुलं-नातवंडं बर्लिनला असतील आणि जायचा योग आला, तर ऑगस्टच्या गर्दीत जाऊ नका. मेमध्ये जा, पाणी चांगलं असतं, पानं कोवळी असतात, डास अजून पुरते जागे झालेले नसतात. ल्युब्बेनाऊच्या तळावर दोन तासांची फेरी सगळे घेतात. वेळ असला तर लेडेला पायी जा, परत नावेनं या. सुट्टी नाणी जवळ ठेवा; लॉक-गेटवरचं पोर मोड देत नाही.